उतरवलेली पट्टी

आम्ही या घरात राहायला आलो त्याला आता सहा वर्षं होतील. आइंडहोवनच्या आमच्या भागात घरं एका रांगेत, भिंतीला भिंत लावून उभी आहेत. भिंत इतकी पातळ की पलीकडे चहात साखर ढवळली तरी इकडे कळावं. सामान लावून झालं त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी साडेदहाला, त्या भिंतीतून व्हायोलिन ऐकू यायला लागलं. थोड्या वेळाने एका बाईचा आवाज. शब्द मला कळत नव्हते, पण सूर कळत होते, आणि ते कळल्यावर मी हातातलं फडकं खाली ठेवलं. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. हा तर आपला भूप! पलीकडे कोणी परकी बाई खुशाल भूप गातेय आणि तिला त्याचं नावही माहीत नाही, याचा मला उगाचच राग आला. माझा राग असाच आहे, कशाचाही येतो.

घरात कोणी नव्हतं. नवरा चिप तयार करणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत, मुलगी शाळेत. मी जिन्याखालच्या कपाटातून पेटी काढली. पुण्यात मी पंधरा वर्षं पेटीची, म्हणजे हार्मोनियमची साथ केली होती. गाण्याच्या क्लासात, स्पर्धांत, नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत, लोकांच्या साठीशांतीतसुद्धा. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले, कागदोपत्री 'अवलंबून' झाले, आणि पेटी कपाटात गेली ती गेलीच. भात्याला कुबट वास येत होता. तरी मी पलीकडच्या गाण्यामागोमाग वाजवायला लागले. दहा मिनिटांनी गाणं थांबलं आणि आमची बेल वाजली.

दारात एक उंच, वाळकुडा म्हातारा उभा होता. पायात घरातल्या सपाता. मला वाटलं, झालं, तक्रार आली. इथे रविवारी भिंतीत एक खिळा ठोकला तरी शेजारी चिठ्ठी टाकतात. पण तो इंग्रजीत म्हणाला, "दुसरा भाग तू चुकीचा वाजवतेस. तो दोनदा असतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आधी नमस्कार तरी करा," मी म्हणाले.

त्याने क्षणभर विचार केला. "नमस्कार," तो म्हणाला. "दुसरा भाग दोनदा असतो."

त्याच दिवशी मी पेटी उचलून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, आणि मग दर गुरुवारी जायला लागले.

ते दोघं नवरा-बायको. तो इथलाच, दिव्यांच्या कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर आयुष्य घालवून निवृत्त झालेला. तरुणपणी सायकल घेऊन आयर्लंडला गेला होता, तिथे एका शेतकऱ्याच्या घरी पावसात अडकला आणि तीन आठवड्यांत फिडल शिकून आला. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण त्याला व्हायोलिन म्हटलेलं चालायचं नाही. ती स्कॉटलंडच्या एका बेटावरची, इथे नर्स म्हणून आलेली. तिच्याकडे गाणी होती, त्याच्याकडे नाचाच्या धुना. चाळीसेक वर्षं दोघं मिळून आयरिश आणि स्कॉटिश लोकसंगीताचे कार्यक्रम करत होती. वाचनालयात, चर्चच्या सभागृहात, लग्नांत, वृद्धाश्रमांत. त्यांच्या जाहिरातीच्या कागदावर दोन खुर्च्यांचं चित्र होतं, बस्स.

इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. शेवटी मी त्यांना आजी आणि आजोबा म्हणायला लागले आणि अर्थही सांगितला. आजोबांना ते इतकं आवडलं की पोस्टमनलाही त्यांनी सांगून टाकलं.

त्यांचं संगीत शिकताना माझी पार दमछाक झाली. कागद नाही, नोटेशन नाही. एक धून, तिचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, असे तीन फेरे, आणि मग श्वास न घेता थेट दुसऱ्या धुनेत उडी. उडीची सूचना म्हणजे आजोबांची वर जाणारी भुवई. जिग ही सहा मात्रांची नाचाची धून मी दादऱ्यासारखी धरली तेव्हा कुठे हाताला लागली. रील ही चार-चार मात्रांची दुसरी धून मात्र धावायची, आणि मी सारखी मागे पडायचे. हात कमी पडत होता असं नाही. साथीदाराची सवयच तशी असते. गायक पुढे, आपण त्याच्या अर्धं पाऊल मागे, तो जे म्हणेल ते झेलत. आजोबा फिडलची कमान, म्हणजे बो, थांबवून म्हणायचे, "तू माझ्या मागे का चालतेस? शेजारी चाल." हे जमायला मला दोन वर्षं लागली. पण त्यानंतरही मी फक्त स्वयंपाकघरातलीच वादक राहिले. कार्यक्रमाला ती दोघंच जायची आणि मला त्यात काही कमीही वाटत नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात आजींचा मेसेज आला, मंगळवारी चार वाजता पंधरा मिनिटं तुझ्याकडे येऊ का. भिंतीपलीकडे राहणारी बाई वेळ मागून येते, याचं मला अजून हसू येतं. पण आल्या तेव्हा त्यांनी कोटही काढला नाही.

"त्याच्या हाताला कंप सुटलाय," त्या म्हणाल्या. "उजव्या. तू पाहिलं असशील."

मी पाहिलं होतं. कॉफीच्या कपाखालची बशी वाजायची. नाचाच्या जलद धुनांमध्ये काही कळायचं नाही, कमान आखूड आखूड चालते. पण संथ धून आली, लांब कमान ओढायची वेळ आली की ती तारेवर थरथरायची आणि सूर फाटायचा. आमच्या हाउसआर्त्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने सांगितलं होतं की हे वयाचं आहे, गोळ्या दिल्या तर झोप येईल, बाकी विशेष काही करता येणार नाही.

"त्याला वाटतं, लोकांना ऐकू येत नाही," आजी म्हणाल्या. "ज्या दिवशी त्याला कळेल की येतं, त्या दिवशी तो फिडल ठेवून देईल. मी त्याला ओळखते. तू आमच्याबरोबर कार्यक्रमांना ये. त्याच्या खालून वाजव. जिथे तो हलेल तिथे तुझा सूर असू दे. पण त्याला कळता कामा नये. मी सांगते की मलाच पेटी हवी आहे."

मला काय झालं सांगू? मी हो म्हणाले आणि त्या गेल्यावर रडले. वाईट वाटलं हे तर खरंच, पण इतक्या वर्षांनी कोणीतरी मला माझंच काम मागितलं होतं. गायकाचा आवाज दमला, सूर निसटला, तर श्रोत्यांच्या कानावर जाण्याआधी तो उचलून धरायचा, हेच तर साथीदाराचं काम. त्यासाठी पेटीवालीचं नाव पत्रिकेत सगळ्यात शेवटी असतं, आणि कधी कधी विसरलेलंच असतं.

आजोबांनी फारशी कुरकुर न करता मला घेतलं. पेटीचे सूर काही पिळून बदलता येत नाहीत, म्हणून त्यांनी आपलं फिडल माझ्या पेटीला लावून घेतलं. फक्त एका गाण्यात त्यांचा हट्ट होता. समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं ते गाणं, दोघांचं सगळ्यात आवडतं. आधी आजोबा ती धून संथ वाजवायचे आणि मग आजी गायच्या. त्यात शेवटच्या ओळीत आवाज एका उंच सुरावर जाऊन थांबतो. "त्या सुराला तू गप्प राहायचं," आजोबांनी मला बजावलं. "तिथे फक्त ती आणि मी." मला ते जरा लागलं. पण म्हटलं, असेल नवरा-बायकोचं काहीतरी, आपण कशाला मध्ये पडा.

हिवाळ्यात आम्ही पाच-सहा कार्यक्रम केले. बाकफिट्सच्या, म्हणजे पुढे लाकडी खोका असलेल्या सायकलच्या खोक्यात माझी पेटी, आजोबांच्या पाठीवर फिडल. मी डाव्या हाताने भाता अगदी हलका ठेवायचे आणि नजर कमानीवर. ती थरथरायला लागायच्या आधी आजोबांच्या मनगटात एक बारीकशी हालचाल व्हायची. ती दिसली की मी भाता जरासा दाबायचे, त्यांचाच सूर पेटीतून खालच्या सप्तकात उमटायचा, आणि फाटलेली जागा भरून निघायची. लोक शांतपणे ऐकायचे. आजी माझ्याकडे न बघता हसायच्या. पुण्यातही मी इतकी चांगली साथ कधी केली नव्हती.

मग मार्च आला आणि मी माती खाल्ली.

आमच्या ब्यूर्तहाउसमध्ये, म्हणजे वस्तीच्या समाजमंदिरात, रविवारी दुपारी कार्यक्रम होता. घराजवळ आहे म्हणून मी इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मेसेज टाकला. माझा अंदाज होता दोघी-तिघी येतील. चौदा जणी आल्या, काठपदराच्या साड्यांवर हिवाळी जॅकेटं घालून, आणि सरळ पहिल्या रांगेत बसल्या. माझी मुलगी बाजूला फोन घेऊन उभी. मी इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर तिळगूळ केला होता, गणपतीत एकवीस जणांचा स्वयंपाक केला होता, पण पेटी कधी वाजवली नव्हती.

चौथं गाणं ते समुद्राचं होतं. आजोबांनी संथ धून सुरू केली. दुसऱ्या भागात कमान थरथरली, मी पेटीचा सूर वाढवला. ती पुन्हा थरथरली, या वेळी जास्त. मग आजोबांनी कमान उचलली आणि थांबले. त्यांची मान माझ्या बाजूला थोडी झुकली.

आपल्याकडच्या मैफलीत मुख्य कलाकार थांबला आणि त्याने साथीदाराकडे मान झुकवली, की त्याचा अर्थ एकच असतो, आता तू. मग साथीदार दोन आवर्तनं आपलं वाजवतो, टाळ्या घेतो, आणि पुन्हा मागे सरकतो. हे आमच्या हाडीमांशी इतकं खिळलेलं असतं की विचार करावा लागत नाही. मी विचार केला नाही. नंतर मी स्वतःला हजारदा सांगितलं की मला ती खूण वाटली. अर्धं खरं आहे ते. आजोबा आपल्या हाताकडे बघत होते. ते मला दिसलं होतं.

मी वाजवलं. सरळ धून वाजवून थांबले असते तरी निभावलं असतं. पण पुढे चौदा जणी बसल्या होत्या. धुनेतून मी भूपात शिरले, एक आलाप, मग एक छोटी तान, मग त्याहून मोठी. पहिल्या रांगेतून "वा!" आलं. "क्या बात है!" आलं. मागचे डच लोक आधी बावरले, मग त्यांनाही मजा वाटली. मी समेवर आले तेव्हा सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं, गाणं अजून संपलेलं नसताना. माझे कान तापले होते. मी बाजूला पाहिलं तर फिडल आजोबांच्या मांडीवर आडवं ठेवलेलं होतं आणि आजींचा चेहरा पांढरा पडला होता.

आजोबा माइकपाशी वाकून म्हणाले, "आता कॉफी घेऊ या." अजून पाच गाणी बाकी होती. ती झाली नाहीत.

"काय वाजवलंस गं!" मैत्रिणी म्हणाल्या. "बाकी सगळं फिकंच पडलं बाई." मी हसले, फोटो काढले, आणि घरी येऊन बाथरूमचं दार लावून बसले. नवऱ्याने बाहेरून समजूत घातली, "अगं, सॉरी म्हण आणि मोकळी हो. इथले लोक मनात ठेवत नाहीत." मुलगी मात्र नेहमीसारखं इंग्रजीत, शांतपणे बोलली. "आई, यू वेअर प्लेइंग फॉर द मावशीज." मी तिच्यावर ओरडले. ती खरं बोलत होती म्हणूनच ओरडले.

त्या गुरुवारी मेसेज आला की आज नको. पुढच्या गुरुवारीही नको. तिसऱ्या गुरुवारी मेसेजसुद्धा आला नाही. साडेदहा वाजता मी भिंतीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. पलीकडे बातम्या चालू होत्या.

आजी मला सुपरमार्केटच्या रांगेत भेटल्या. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. "त्याने फिडल माळ्यावर नेऊन ठेवलं," त्या म्हणाल्या. "वृद्धाश्रमात मे महिन्यात कार्यक्रम होता. फोन करून नाही म्हणाला."

"तुम्ही एकट्या गा," मी म्हणाले. "मी साथ करते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "आम्ही दोघं आहोत," त्या म्हणाल्या. "तो नसेल तर मी कशाला गाऊ?"

एप्रिलच्या एका शनिवारी सकाळी मी आजोबांना गाठायला गेले. कालव्याच्या कडेला नगरपालिकेने लोकांना भाज्यांसाठी जमिनीचे तुकडे दिलेत, तिथे त्यांचाही एक होता. ते गुडघ्यावर बसून कांद्याची रोपं लावत होते. हात थरथरत होता, त्यामुळे प्रत्येक रोप मातीत नीट बसायला दोन-तीन वेळा करावं लागत होतं. मी वाटेत पाठ केलेली माफी एका दमात म्हणून टाकली. मला खूण वाटली, आमच्याकडे अशी पद्धत आहे, वगैरे. मग म्हटलं, "नाही. खूण नव्हती ती. मला कळलं होतं. मला टाळ्या हव्या होत्या."

आजोबा कांदा लावत राहिले. "बस," ते म्हणाले. मी ओल्या मातीतच बसले.

"तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं?" ते म्हणाले. "तू येऊन बसलीस त्या पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझा हात हलतो तिथेच नेमकी तुझी पेटी मोठ्याने वाजते. हात हलतोय, कान नाही हलत. तिने तुला सांगितलं, हेही माहीत आहे."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कशाला? तिला बरं वाटत होतं. आणि तू छान सावरत होतीस." त्यांनी माती झटकली. "त्या दिवशी तू मला सावरायचं सोडून पुढे निघून गेलीस. मी तिथे उघडा पडलो, बायकोच्या देखत. तिने किती धडपड केली होती मला ते कळू नये म्हणून."

मला रडू आवरेना. आजोबांना रडणारी माणसं चालत नाहीत, त्यांनी माझ्या हातात कांद्याच्या रोपांची जुडी दिली. मी लावायला लागले. बराच वेळ आम्ही लावत होतो.

मग ते आपणहून बोलायला लागले. अकरा वर्षांपूर्वी आजींच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. जीव वाचला, आवाजही वाचला, पण वरचे सूर पूर्ण चढेनासे झाले, केसभर खाली राहायला लागले. त्या समुद्राच्या गाण्यातला उंच सूर तर दर वेळी. "तिला ते माहीत नाही," आजोबा म्हणाले. "तिला वाटतं, अजून तसाच लागतो. मी माझं बोट तारेवर केसभर खाली सरकवतो, तिच्या सुराला जाऊन मिळतो. दोघं मिळून जिथे असतो तो सूर बरोबर वाटतो लोकांना."

म्हणून मला तिथे गप्प राहायचं होतं. पेटीचा सूर जागचा हलत नाही. मी तिथे वाजवलं असतं तर आजींचा सूर सगळ्यांसमोर खाली पडला असता. मी मनातल्या मनात त्या माणसावर किती रुसले होते.

"आता तो सूर मी धरू शकत नाही," आजोबा म्हणाले. "हात हलतो. मी हललो की तिचं सगळ्यांना ऐकू जाईल. माझ्यामुळे नाही ठेवलं मी फिडल."

मी मातीत बसले होते, बोटं चिखलाने भरली होती, आणि डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला होता. "पट्टी उतरवू या," मी म्हणाले. गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा, त्याला आम्ही पट्टीच म्हणतो. आजी पांढरी दोनमध्ये गात होत्या. एक सूर खालची पांढरी एक धरली तर तो उंच सूर आपोआप खाली येईल, त्यांच्या आवाक्यात. पुण्यात मी हे आठवड्यातून दहा वेळा करत असे. गायक वयस्कर झाले की पट्टी उतरते, त्यात कोणाला काही वाटत नाही.

"ती ऐकायची नाही. विशीपासून त्याच सुरात गाते. का उतरवायची, विचारेल."

"मग?"

आजोबा आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. "तिला सांगू या, माझ्या हातासाठी," ते शेवटी म्हणाले. "तारा सैल केल्या की मला सोपं जातं, असं सांगू. खरं म्हणजे अवघडच जाईल. सैल तारेवर कमान जास्त घसरते."

मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. "वृद्धाश्रमाला मी पुन्हा फोन करतो. कार्यक्रमाच्या दिवशी मला झाकू नकोस," ते म्हणाले. "हात हलू दे. ऐकू येऊ दे. नाहीतर तिला पटायचं कसं?"

पुढच्या गुरुवारी आजोबांनी माळ्यावरून फिडल आणलं आणि आजींसमोर ठेवलं. "माझा हात थरथरतो," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडत होते. आजी सिंकपाशी उभ्या होत्या. त्यांनी नळ बंद केला, ओल्या हातांनी आजोबांचा हात धरला आणि कितीतरी वेळ धरून ठेवला. "तुझ्यासाठी हवं तितकं खाली गाईन," त्या म्हणाल्या. मी पेटीचं झाकण उघडत, बंद करत, पुन्हा उघडत बसले.

वृद्धाश्रमाने मे महिन्यातली ती दुपार अजून कोणाला दिली नव्हती. तीसेक म्हातारी माणसं, अर्धी चाकांच्या खुर्च्यांत, खिडकीतून ऊन आलेलं. आजोबा उभे राहिले आणि डचमध्ये सगळ्यांना म्हणाले, "माझा हात आता थरथरतो. म्हणून आम्ही गाणी एक पट्टी खाली घेतलीत. सांभाळून घ्या." पुढच्या ओळीतल्या एका बाईने आपला थरथरता हात वर करून दाखवला. सगळे हसले, आजोबाही.

जिग झाल्या, रील झाल्या. मग समुद्राचं गाणं आलं. आजोबांनी संथ धून सुरू केली. सैल तारा, लांब कमान. मनगटात ती बारीक हालचाल मला दिसली आणि माझा डावा हात आपसूक भात्यावर दाबला जायला निघाला. मी तो मागे घेतला. कमान थरथरली. सूर फाटला, सगळ्यांना ऐकू आला. मी मांडीवर मूठ आवळून बसले होते. आयुष्यात मी इतकं अवघड काही वाजवलेलं नाही, आणि त्या वेळी मी काहीच वाजवत नव्हते.

आजी गायल्या. शेवटची ओळ आली, आवाज वर गेला आणि त्या सुरावर जाऊन थांबला. नुसता थांबला नाही, उभा राहिला, ताठ, स्वच्छ, कुठेही टेकू न घेता. खाली आजोबांची कमान हलत होती. आजोबांनी डोळे मिटले होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला तिकडे बघवेना.

निघताना आजोबा दाराबाहेर बाकफिट्सपाशी गेले आणि पेटीभोवतीचा पट्टा बांधायला लागले. बकल लागत नव्हतं. आजी आणि मी मागे उभ्या होतो. दोघींपैकी कोणीही मदतीला गेलं नाही.

आजींनी माझ्या दंडाला धरून मला जवळ ओढलं. "लागला ना आज वरचा सूर?" त्या कुजबुजल्या.

"लागला," मी म्हणाले.

"अकरा वर्षांनी," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन झाल्यापासून एकदाही लागला नव्हता. दर वेळी खाली पडायचा. मी त्याला कधी सांगितलं नाही, उगाच जीवाला लावून घेतो. त्याच्या हातासाठी पट्टी उतरवली आणि फायदा बघ माझा झाला." त्या हसल्या, डोळे भरलेले. "दर वेळी मला म्हणायचा, छान गायलीस. त्याला कधी कळलंच नाही बघ."

मी नुसती मान हलवली.

बकल लागलं. आजोबा कंबरेवर हात ठेवून सरळ झाले आणि वळले. "काय कुजबुजताय दोघी?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.